पावाच्या खड्ड्यातली बाटली

"ए... ते माझं आहे!"

स्टिर्मिर दचकून वळला. गरम झऱ्याच्या वाफेतून लाल टोपी सावरत एक मुलगी धावत येत होती. त्याच्या हातात दोऱ्याला बांधलेल्या काचेच्या पट्ट्या लोंबत होत्या. पर्यटकांचा कचरा समजून त्यानं त्या नुकत्याच ओढून काढल्या होत्या.

"मला वाटलं, कुणी अंडी उकडायला सोडलीत."

"काचेची अंडी?" तिनं पट्टी उजेडात धरली. काचेवर गुलाबी साय धरली होती. ती एकदम हसली. "अरे, आलेत की! हे जिवाणू हात पोळेल अशा पाण्यात मजेत राहतात. कदाचित... आजवर कुणी न पाहिलेले."

तिचं नाव इल्फा, विद्यापीठातून आलेली. स्टिर्मिर मीवाट्न तळ्याच्या काठी गरम मातीत डबे पुरून राय नावाच्या धान्याचा पाव भाजायचा, आणि बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल व्हायचे. त्या उन्हाळ्यात ती रोज त्याच्या खड्ड्याशी येऊन बसू लागली.

"पावाशी तरी बोलतोस का रे?"

"पाव... उलट विचारत नाही."

शरद ऋतूत तिच्या गावातल्या खोलीवर जिवाणू बाटलीत वाढू लागले. "नवी जात ठरली तर मी वर्षभर जर्मनीतल्या प्रयोगशाळेत," ती म्हणाली. "नाही ठरली, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा इथंच, तुझं डोकं खायला."

स्टिर्मिरनं लोणी लावलेल्या पावावर पुन्हा लोणी लावलं.

मग हिमवादळ आलं. वीज गेली, रस्ता बंद झाला. इल्फा कोटाच्या आत बाटली धरून त्याच्या दारात उभी राहिली. "माझी गरम पेटी बंद पडली. आता हे गार पडले तर पुन्हा वाढतील असं नाही वाटत..."

"खड्ड्यात ठेवू," तो म्हणाला.

दुपारी तो पाहायला गेला, तर वाऱ्यानं झाकण उडवलेलं. बर्फ आत घुसत होता. तो तसाच उभा राहिला. दोष वाऱ्याचाच ठरला असता... आणि पुढच्या उन्हाळ्यात ती इथं असती.

त्यानं अंगातला लोकरी स्वेटर काढला, खड्ड्यावर पसरला, कडेनं दगड ठेवले आणि कुडकुडत घरी आला.

रस्ता उघडल्यावर इल्फानंच खड्डा उकरला. बाटलीतलं पाणी वाढलेल्या जिवाणूंनी छान गढूळ झालं होतं. स्वेटरला मात्र गंधकाचा वास येत होता. तो तिनं परत दिलाच नाही.

हिवाळा सरता सरता ती खड्ड्याशी आली, तोच स्वेटर घालून. "नवीच जात आहे, स्टिर्मिर! कुणाशीच जुळत नाही."

"छान." कान लाल. "म्हणजे... जर्मनी."

"हो. नियमच आहे, नव्या जातीचे जिवंत नमुने दोन देशांत ठेवायचे. एकीकडचे गेले तरी दुसरीकडचे राहतात."

"त्या दिवशी," तो मातीकडे बघत म्हणाला, "खड्डा उघडा पडला होता. क्षणभर वाटलं, राहू दे तसाच. तू थांबली असतीस."

"मग?"

"मग तुझं हसू आठवलं... काच उजेडात धरलेली."

वाफ दोघांच्या मधून गेली.

"माणसाचा नमुना एकच असतो रे," ती हळूच म्हणाली. "तो दोन देशांत ठेवता येत नाही."

"तिकडं... गरम माती आहे का?"

"नाही. पावाला साधी भट्टी असते."

"शिकेन," स्टिर्मिर म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यानं मातीकडे न बघता तिच्याकडे बघितलं.