टिबलांचा मेंढीचोर

ब्रायनी हॅस्केट चर्चमागच्या थडग्याशेजारी गवतात पालथी पडली होती. रोरी टिबलला वाटलं, ही गेली. जागाच अशी होती की दुसरं काही मनात येऊ नये. पण गेलेली माणसं हातात आरसा धरून पडत नाहीत, हे त्याला जरा उशिरा सुचलं.

“तुमची सावली पडतेय,” ती वर न बघता म्हणाली. “सरकता का थोडे?”

तो सरकला. आरशातला उजेड दगडावरून तिरपा सरकत गेला आणि झिजलेली अक्षरं एकेक करून वर आली. रोरीने ती पाहिली नाहीत. तिच्या कानामागे गवताची एक काडी अडकली होती… तो ती बघत राहिला.

“माझ्या मेंढ्या तुमची पिशवी खातायत,” तो शेवटी म्हणाला.

पहिल्या भेटीतलं वाक्य म्हणून हे फारसं काही नाही. पण ऑस्ट्रेलियाच्या टोकाशी असलेल्या आमच्या टास्मानिया बेटावर पुरुष हवामानाच्या पलीकडे सहसा जात नाहीत. त्या मानाने हे जवळजवळ प्रेमनिवेदनच होतं. कबरस्तानातलं गवत मेंढ्यांकडून उतरवून घ्यायची पाळी त्या आठवड्यात त्याची होती. आणि ती आली होती त्याच्याच मर्ल आत्यासाठी, टिबलांची वंशावळ शोधायला; तो तिचा धंदाच होता.

आत्याच्या आजीच्या काळी घराण्यात इंग्लंडहून हद्दपार होऊन इथे आलेला कैदी निघाला की बायबलमधलं वंशावळीचं पान फाडायचे आणि आमचे पूर्वज हवापालटाला आले होते, असं सांगायचे. आता उलटं झालंय. ज्याच्या घराण्यात बेड्या घालून आणलेला एकही कैदी नाही, त्याच्याकडे लोक जेवणाच्या टेबलावर हळहळून बघतात. टिबलांकडे अब्सलम होता. इंग्लंडातल्या डॉर्सेटात मेंढ्या चोरल्या म्हणून सात वर्षं काळ्या पाण्यावर आलेला. मार्चमध्ये सगळ्या टिबलांचा मेळावा भरायचा होता. आत्याने स्मारकाचा दगड आधीच कोरून ठेवला होता : ‘अब्सलम टिबल, मेंढीचोर. आम्ही सारे त्याचेच.’ आता फक्त मधले दुवे जोडायचे राहिले होते.

रोरीला वंशावळीची गोडी अचानक लागली. कुठलं कबरस्तान कुठे आहे हे तिला माहीत होतं, तरी दाखवायला तो गाडी काढायचा. भुरभुर पावसात गाडीत बसून दोघं मसालेदार शिंपल्यांचे पाई खायची. काच धुरकट व्हायची, ती बोटाने काचेवर त्याचे आजे-पणजे मांडायची. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

“तुझ्यात चोराचं काहीच दिसत नाही,” ती एकदा म्हणाली.

“नीट बघितलं नाहीस.”

“बघितलं की…” आणि मग तिने काचेवरचा एक पणजोबा उगाचच पुसला.

बापाने शेत जवळजवळ बुडवलं, त्या वर्षी त्याला त्या अब्सलमनेच उभं केलं होतं, हे रोरीने तिला अशाच एका दुपारी सांगितलं. बाप म्हणायचा, तो बेड्यांतून वर आला, आपल्याला काय होतंय. तिने ते ऐकलं आणि त्या दिवशी पाई अर्धाच खाल्ला. कारण तिला तोवर शंका आली होती.

कैद्याला लग्न करायचं तर गव्हर्नरची परवानगी लागायची. परवानगीशिवाय झालेलं कैद्याचं लग्न तिने आजवर पाहिलं नव्हतं. अब्सलम टिबलच्या लग्नाची परवानगी कुठेच सापडेना. मग उलगडलं. त्या नावाचे दोघे होते. मेंढीचोर दुसऱ्याच हिवाळ्यात तापाने मेला, बिनलग्नाचा. टिबल ज्याचे वंशज, तो स्वतःच्या पैशाने जहाजाच्या केबिनमध्ये बसून आला होता. त्याला कोणाची परवानगी लागली नव्हती. दोन हजार एकर जमीन त्याला फुकट मिळाली, राबायला कैदी मिळाले, आणि त्यातले जे हळू राबायचे त्यांना तो फटक्यांसाठी पाठवायचा. कैदी मिरवायचे दिवस आले तेव्हा घरच्यांनी नाव जुळलेलं पाहिलं आणि त्यातला सोयीचा माणूस उचलला.

गप्प राहणं सोपं होतं. आत्या खूश झाली असती, आणि रोरीही हातचा गेला नसता. ती दोन दिवस गप्प राहिलीही. तिसऱ्या दिवशी तिने गाडीत त्याला सगळं सांगितलं.

वायपर फिरत होते. त्याने विचारलं, “जमीन फुकट दिली म्हणजे… गव्हर्नरकडे ती कुठून आली?”

“हे त्याला कोणी विचारलं नाही. आणि ज्यांची होती, त्या इथल्या मूळ लोकांना कोणी काहीच विचारलं नाही.”

त्याने तिला दारापर्यंत सोडलं, शुभ रात्री म्हटलं, आणि नंतर त्याचा फोन आला नाही. तिने स्वतःला समजावलं, धंद्यात असं होतं. त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

मेळाव्याला ती गेली, कारण आत्याला तोंडावर सांगणं बाकी होतं. मंडपात बेड्यांचं चित्र छापलेल्या टी-शर्टांत सगळे टिबल सॉसेज खात होते. ती आत्याकडे निघाली, तोच रोरी बाकावर चढला. हातात कागद नव्हता. त्याने सगळं सांगितलं : परवानगी, केबिन, फटके, जमीन. ती कोणाची होती, तेही. शोध ब्रायनीचा आहे, म्हणाला, आणि ती खरं बोलली.

सॉसेज हवेत राहिले. मागून कोणीतरी कळवळून विचारलं, “म्हणजे आपण… सभ्य माणसं?”

सगळे मर्ल आत्याकडे बघू लागले. आत्या दगडाकडे बघत होती.

“छिन्नी आणा,” ती म्हणाली. “मेंढी तेवढी काढा. चोर राहू दे.”

कोणी हसलं नाही. काही जणांनी मात्र टी-शर्टवर कोट चढवले.

ब्रायनी कुंपणापाशी उभी होती. रोरी तिथवर आला आणि बुटाने माती उकरत राहिला.

“रागावला होतास,” ती म्हणाली.

“हो. आधी तुझ्यावर. मग त्या अब्सलमवर. मग फोन न केल्याबद्दल माझ्यावर… आणि मग फोन करायची लाज वाटली.” तो थांबला. “तुझ्याकडे आहे का कोणी? शिक्षा होऊन आलेलं?”

“पणजीची पणजी. एका दुकानातून चीज उचललं होतं तिने.”

“केवढं?”

“चाकाएवढी अख्खी चकती. स्कर्टखालून.”

त्याने तिच्याकडे अशा आदराने पाहिलं, की तिला हसू आवरेना.

“ब्रायनी,” तो अगदी हळू म्हणाला, “आमच्या घराला अशा माणसाची फार गरज आहे. आणि मला… मला नुसती तुझी. चीज नसतं तरी.”

त्याच्या कोटाच्या खिशात त्याचा हात होता, तिथेच तिने आपलाही घातला… आणि काढला नाही.