गाडी बदलायला सहा मिनिटं

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरात घडलंय, गेल्या हिवाळ्यात. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे.

भुतं म्हणे रात्री बारानंतर येतात.

ही दुपारी सव्वाचारला यायची. लख्ख उजेडात.

माझा भाऊ शाळेत पी.टी.चा मास्तर. पोरांनी त्याचं नाव ठेवलंय शिट्टी, आणि आता घरातही सगळे तेच म्हणतात. गळ्यात शिट्टी, खिशात स्टॉपवॉच. दुसऱ्या मजल्यावर घर. घरात बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि आत्या. शिट्टीची आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. आत्याने स्वतःचं लग्न बाजूला ठेवलं आणि याला वाढवलं. म्हणून पुढचं सांगताना मी त्याची बाजू घेणार नाही.

मुलीला सुट्टीत डोंगरातल्या एका गावी जाऊन बर्फावर स्कीइंग करायचं होतं. पण पोरीला घाटात गाडी लागते. दोन वळणं झाली की पिशवी धरावी लागते. शिवाय त्या गावात मोटारींना बंदीच. म्हणून शिट्टीने सगळा प्रवास रेल्वेने आखला. तीन गाड्या, दोनदा बदलायच्या. शेवटच्या जंक्शनवर मधे फक्त सहा मिनिटं. उतरायचं, जिना उतरून भुयारी रस्त्याने पलीकडे जायचं, पुन्हा जिना चढायचा आणि डोंगरातली छोटी गाडी पकडायची. ती दिवसातली शेवटची.

हे ऐकून आत्याने माळ्यावरून आपली चाकांची बॅग काढून घेतली.

"मी काही ती घसरगुंडी खेळणार नाही रे," ती म्हणाली. "मी आपली खिडकीत बसेन. तुम्ही पडलात की हसेन."

सत्तरीची बाई. डावा गुडघा कामातून गेलेला. पण बर्फ बघायचा होता तिला, आयुष्यात एकदा.

बायको स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आत्या आल्या तर आपण सुट्टीवर जाणार की ड्युटीवर?"

तोंडावर नाही म्हणायची शिट्टीची छाती नव्हती. मग त्याने मास्तरकी केली.

"आत्या, तिथे सहा मिनिटं मिळतात. जमेल का ते बघू. बॅग घेऊन खाली गेटपर्यंत जा आणि वर ये. मी वेळ लावतो."

आणि खरंच दारात उभा राहून त्याने शिट्टी वाजवली.

ती वर आली तेव्हा घामाने निथळत होती. नऊ मिनिटं चाळीस सेकंद. मुलगी हसली, बायको हसली. आत्याही हसली, पण तिचं तोंड उतरलं होतं.

"बघ आता तूच," शिट्टी म्हणाला. "गाडी काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

त्याने एक गोष्ट तिला सांगितली नाही. सकाळी दोन तास आधी निघालं असतं, तर त्याच जंक्शनवर चाळीस मिनिटं मिळत होती. ती गाडी त्याने आधीच पाहिली होती. बघून बाजूला ठेवली होती.

आत्या मात्र हट्टाला पेटली. सगळे बाहेर गेले की ती एकटीच जिन्यावर सराव करायची. हे कुणालाच माहीत नव्हतं.

एका मंगळवारी पहिल्या मजल्याच्या वळणावर ती पडलेली सापडली. शेजारी बॅग नीट उभी. हातात शिट्टीचं जुनं स्टॉपवॉच.

ते चालूच होतं.

शिट्टीने ते तिच्या मुठीतून सोडवून बंद केलं. तीन तास बारा मिनिटं झाली होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. सगळे रडले, शिट्टी सगळ्यात जास्त. पण बुकिंग रद्द झालं नाही. "आत्यालाही आवडलं नसतं," असं बायको म्हणाली आणि त्याने मान डोलावली.

पंधरा दिवसांनी तो शाळेतून घरी आला. सव्वाचार वाजले होते. बायको कामावर, मुलगी क्लासला. घरात चिटपाखरू नाही.

तेवढ्यात जिन्यावर...

ठक. मग चाकांची खरखर. मग ठक.

कुणीतरी बॅग खाली नेत होतं. एक पाय जड. आवाज गेटपर्यंत गेला, थांबला आणि परत वर यायला लागला. शिट्टीने दार उघडलं.

जिना रिकामा होता.

आवाज मात्र चालूच होता. एकेक पायरी वर... वर... त्याच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. मग धाप लागल्याचा आवाज.

त्याने माळ्यावर पाहिलं. आत्याची बॅग जागेवर होती. पण हँडल...

हँडल गरम होतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सवयीने त्याचा हात खिशात गेला आणि त्याने वेळ लावली. मास्तर शेवटी मास्तर.

आठ मिनिटं पन्नास.

पुढच्या आठवड्यात आठ. मग सात वीस. मग सहा चाळीस.

सहा मिनिटं झाली की ती गाडी पकडणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याला जेवण जाईना. शाळेत पोरं धावायला लागली की तो कान झाकायचा.

निघायच्या चार दिवस आधी, सहा मिनिटं तीन सेकंद.

त्याच दुपारी त्याने तिकिटं बदलली. सहा मिनिटांची गाडी काढून टाकली आणि सकाळची घेतली, जंक्शनवर चाळीस मिनिटं देणारी. सहा मिनिटंच राहिली नाहीत, तर सराव कशाचा करणार?

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी जिना गप्प. तिसऱ्या दिवशीही गप्प. शिट्टीचा जीव भांड्यात पडला. बायकोने विचारलं, "ही गाडी पहिल्यापासून होती?" तो म्हणाला, "आत्ताच दिसली."

निघायच्या सकाळी कुलूप लावून तिघं जिन्याशी आले, तर खाली...

ठक. खरखर. ठक.

अगदी सावकाश. कसलीच घाई नसल्यासारखं. पहिल्या मजल्यावर जरा थांबून दम घेतला आणि गेटकडे गेलं.

"बाबा, का थांबलास?" मुलगी म्हणाली. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

जंक्शनवर सगळं वेळेवर झालं. जिना उतरले, पलीकडे गेले, जिना चढले. छोटी गाडी यायला अजून अर्धा तास होता. बायको मुलीला घेऊन कॉफी आणायला गेली. शिट्टी प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर एकटाच बसला. समोर डोंगर, डोंगरावर बर्फ, छान ऊन.

मग बाक हलला. शेजारी कुणीतरी बसलं...

गुडघ्याचा कट् असा आवाज आला. तो आवाज तो लहानपणापासून ओळखत होता. त्याने मान वळवली नाही. ती चिडेल, शाप देईल, गळा धरेल, असं त्याला वाटलं. तसं काहीच झालं नाही. बराच वेळ ती नुसती बर्फाकडे बघत असावी.

मग ती बोलली, नेहमीच्याच आवाजात.

"ही गाडी आहे, हे आधी का नाही सांगितलंस रे?"

बस, एवढंच. रागाने नाही. खरंच कळलं नाही म्हणून विचारल्यासारखं.

मी शिट्टीला विचारलं, "मग तू काय म्हणालास?"



"अजून काहीच नाही," तो म्हणाला. "ती रोज विचारते."

त्यानंतर मी त्याच्याकडे राहायला गेलेलो नाही. फोन करतो. तो बोलता बोलता मधेच थांबतो, जणू शेजारून कुणी काही विचारलंय. फोन आधी ठेवायचं धाडस कुणाचंच होत नाही.