लेन्सखालची चकती

कॉलेज सोडलं तेव्हा बाबा म्हणाले, "आता निदान एक लेन्स तरी धड बसवून दाखव." शिकवणार काही नाही, परीक्षा मात्र घेणार. त्यांची ही जुनी खोड. एकवीस वर्षांत त्यांच्या तोंडून 'छान' हा शब्द मी ऐकला नव्हता. तो ऐकायचा होता, हे कबूल करायला लाज वाटते.

बाबा जुन्या, लेन्समागे घड्यांचा चामडी भाता असलेल्या कॅमेऱ्यांचे कारागीर. त्या कॅमेऱ्यात लेन्स थेट बसत नाही. मधोमध भोक असलेली चौकोनी फळी असते, तिला बोर्ड म्हणतात. शटर पुढून भोकात घालायचं, मागून रिंग आवळायची, मग लेन्सचे पुढचे-मागचे भाग फिरवून लावायचे.

त्या दुपारी एका वारलेल्या फोटोग्राफरची लेन्स आली होती. बोर्ड तडकलेला. रिंग सोडवून शटर उचललं, तर खाली कागदी चकती. कुणाच्या तरी फोटोतून कापलेली. खाली दोन खांदे, मागे भिंत, आणि चेहरा होता तिथे भोक.

"बाबा, ही परत घालू?"

"कशाला? जाड होईल. फेक."

"मुद्दाम घातलेली दिसते."

"हो का? चार विषय राहिले ते नाही दिसले तुला." त्यांनी माझ्या हातातून चकती ओढली, पेटवली आणि तिच्यावरच सिगारेट शिलगावली.

मी पुन्हा कामाला वळलो. नव्या बोर्डावर शटर बसवलं, रिंग आवळली, लेन्सचे भाग फिरवून लावले. केसभरही हलत नव्हतं. बोर्ड कॅमेऱ्यात सरकवला. तपासायला बाबा नेहमीसारखे समोरच्या खुर्चीत बसले, आणि मी काळ्या कापडाखाली शिरलो.

आत आपल्याच श्वासाचा वास येतो. मागच्या धूसर काचेवर सगळं उलटं दिसतं. खुर्चीचे पाय वर, बाबांचं डोकं खाली, आणि काचेच्या तळाशी छत.

त्या छतावर कुणीतरी उभं होतं. सरळ. म्हणजे खोलीत छताला उलटं लटकलेलं.

मी कापड फेकलं. खोलीत बाबा, खुर्ची, दुपारचं ऊन. छत रिकामं.

"काय झालं?"

"कुणी... कुणी नाही."

परत आत गेलो. तो अजून तिथेच, पण धूसर झालेला. फोकस करायला भाता पुढे ओढावा लागला. वस्तू जवळ आली की भाता जास्त ओढावा लागतो, ही बाबांनी शिकवलेली एकमेव गोष्ट. मी बोटभर ओढला. तो स्पष्ट झाला. काळा कोट. चेहऱ्याच्या जागी काहीच नाही, मागची भिंत दिसत होती.

परत धूसर. आणखी ओढला. आता तो बाबांच्या डोक्याशी होता.

"बाबा, उठा."

"फोकस कर आधी."

"बाबा, उठा ना... पाया पडतो."

"नाटकं नकोत. जमत नसेल तर तसं सांग." मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "माझ्या केसांना कोण..."

मी शटर मिटलं. काच काळी झाली. धावत पुढे गेलो.

बाबा खुर्चीत बसले होते, हात मांडीवर, सिगारेट जमिनीवर. केस मात्र उभे, जणू कुणी मुठीत धरून सोडलेत.

"बाबा?"

ते हसले. "छान बसवलंस, बाळा."

 ज्या शब्दासाठी एवढं झुरलो, तो ऐकून पळून जावंसं वाटलं. पण माणूस तर समोर दिसत होता. तोच शर्ट, तेच पिवळे दात. मी स्वतःला समजावलं की दोष त्या लेन्सचा. बोर्ड काढून बाहेर अंगणात ठेवला. मग माझी रोजची, दहादा पारखलेली लेन्स लावली आणि कापड डोक्यावर घेतलं.

काचेवर खुर्ची उलटी. पाय वर. खुर्चीत कुणी नाही.

बाबा तळाशी होते. छतावर, सरळ उभे, तोंडावर हात घट्ट दाबून.

कापडाबाहेर खुर्ची करकरली.

"दिसतोय ना मी, बाळा?" कुणीतरी विचारलं. आवाज बाबांचाच होता, अगदी माझ्या कानाशी.

आणि वरून, छताकडून, कुणीतरी हुंदका दाबत होतं.