अष्टमीचं धोंडस

“हितं कुणी धोंडस भाजतंय का?”

घटस्थापनेची सकाळ. हस्ताची एक सर नुकतीच येऊन गेलेली. दारात एक उंच माणूस उभा होता... केसांतून पाणी निथळत होतं, खांद्यावर पोतं, पोत्यातून तवशी, जून पिवळ्या मोठाल्या काकड्या, डोकावत होत्या.

“भाजतेय. कुणी सांगितलं तुम्हाला?”

“नाकानं.” तो हसला नाही. “मी भरत. कापडे गावचा. बाजारात तवशी इकायला चाललो होतो. आय गेल्यापासून हा वास आला नव्हता, ताय.”

पुराच्या वर्षी महाडातली बाबांची बेकरी चिखलाखाली गेली आणि मागोमाग बाबाही. त्यांचे पत्र्याचे साचे घासूनपुसून मी पडवीत लहानशी भट्टी मांडली. एरवी नाचणीचे पाव, आणि आश्विनात तवशाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ घालून भाजलेलं धोंडस. पण नवरात्रात मी फक्त दुधावर असते, आणि आईला गोड वर्ज्य. चव बघणारं घरात कुणीच नव्हतं.

“एवढं चाखून बघाल?”

तो पायरीवर बसला. डोळे मिटून, सावकाश खाल्लं.

“गूळ बरोबर हाय. वरून विस्तव कमी पडला. आय झाकणावर निखारे ठेवायची.”

“उद्या याल?” शब्द निसटलेच... “म्हणजे, तवशी घेऊन.”

“येईन की. पन चाखायचा पगार काय?”

“पुण्य.”

“मग रोज येतो. माझ्याकडं तेच कमी हाय.”

“एक अट आहे. जिभेला जे लागेल ते खरं सांगायचं. देवीसमोर कबूल करा.”

त्यानं हात धुतले, घटापुढे जोडले. अखंड दिव्याचा उजेड त्याच्या ओल्या कपाळावर पडला होता. “खरंच सांगीन.”

तो रोज येऊ लागला. रवा जाड राहिला, वेलची जास्त झाली, सगळं तोंडावर सांगायचा. मी वरचा विस्तव वाढवला त्या दिवशी त्यानं घास तोंडात ठेवला आणि बराच वेळ अंगणाकडे बघत राहिला. ललितापंचमीला तो ‘ताय’ म्हणायचं विसरला. मीही आठवण करून दिली नाही.

“शुभदा, दिव्यात तेल बघ गं,” आई आतून म्हणाली. “लक्ष कुठे असतं तुझं हल्ली?”

अष्टमीला त्यानं एक घास घेतला आणि थांबला. माझ्याकडे पाहिलं. उपवासानं मी थकले होते, भिंतीला टेकून उभी होते.

“कसं झालंय?”

“झकास. सगळंच द्या. गावात जागर हाय आज.”

सगळे साचे रिकामे करून तो घेऊन गेला. नैवेद्याचा एक तुकडा उरला, तो मी पारण्यासाठी राखून ठेवला. नवमीला मात्र तो आला नाही.

दसऱ्याला देवीला नमस्कार करून मी तोच तुकडा तोंडात घातला... आणि जीभच आखडली. कडूजहर! एक तवसं कडू निघालं होतं. हे मी देवीला दाखवलं होतं. आणि खरं सांगायला ज्याला बसवलं, तो—

दुपारी तो आला. हातात आपट्याची पानं.

“अष्टमीचं धोंडस कसं होतं?” मी विचारलं.

त्यानं घटाकडे पाहिलं. मान खाली गेली. “कडू. गुरांनीपन तोंड लावलं नाय.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी किती दिवसांच्या उपाशी... आन डोळ्यांत येवढी आस. जीभ उचललीच नाय.” हातातली पानं चाळवत म्हणाला, “तवसं माझ्याच वेलाचं. चाखून आणायला हवं होतं. घाईत ऱ्हायलं.”

“एवढ्या धोंडसाचं केलंत काय?”

“अर्धं खाल्लं. काल त्यानंच पडून होतो.”

हसू येत होतं, आणि डोळे भरून येत होते. “शपथ मोडलीत, भरत.”

“मोडली. म्हणून तिच्या पाया पडायला आलो.” पानं त्यानं घटापुढे ठेवली. “आन... वेल सुकला. शेवटची तवशी गेली. आता हितं यायला काय कारण नाय उरलं.”

तो उठला. पायरी उतरला. भट्टी मागे धगधगत होती.

“भरत, आणखी काही खरं सांगायचं राहिलंय का?”

तो पाठमोराच थांबला.

“हाय एक. पन... तेबी कडू लागलं तर?”

मी भट्टीतून ताजं धोंडस काढलं, दोन तुकडे केले. एक त्याच्यासमोर धरला.

“सांगा. माझा उपवास सुटलाय. आता चव माझी मी बघेन.”

तो वळला. पहिल्यांदाच त्यानं माझं नाव घेतलं.