कुलपातला फोन

खोटं वाटलं तर वाटू द्या. मला आता कुणाची भीड राहिली नाही. पण हे माझ्या घरात घडलं, आणि त्या वेळी खोलीत सात माणसं होती.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती.

भर दुपार होती…

२००३ चा उन्हाळा. तेलगावपासून दोन कोसांवर आमचं गाव. माझे मालक बिभीषण गावच्या सोसायटीचे सचिव, म्हणून सोसायटीचा फोन आमच्याच घरात असायचा.

एप्रिलमध्ये सासूबाई गेल्या. छबुबाई त्यांचं नाव. रोज साडेबाराला टँकर यायचा, विहिरीत पाणी सोडायचा आणि सगळं गाव घागरी घेऊन तुटून पडायचं. त्या रेटारेटीत त्या आत पडल्या. पाणी गुडघाभर होतं. खाली दगड होता.

त्यांचं तेरावं झालं, आणि थोड्या दिवसांनी फोनचं बिल आलं.

साडेतीन हजार!

पेपरात जाहिरात यायची, ‘फोन करा, भविष्य ऐका’. मिनिटामिनिटाला पैसे लागायचे. बिलात तोच एक नंबर, सासूबाई गेल्यापासून रोज. वेळ दुपारी साडेबारा. अकरा मिनिटं.

“घरात दुसरं कोण हाय?” मालक माझ्यावर धावून आले. “तूच!”

“अहो, साडेबाराला मी विहिरीवर असते. गावाला विचारा की.”

“मग काय भूत फोन करतंय?”

फोन ऑफिसातला माणूस म्हणाला होता, अर्ज द्या, असले नंबर बंद करून देतो, फुकट. पण अर्जावर चेअरमनची सही लागत होती, आणि चेअरमनला बिल दाखवायची यांची छाती नव्हती. अर्ज खिशातच राहिला. त्याऐवजी सुताराकडून लाकडी पेटी आणली, फोन आत ठेवला, कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या करदोड्याला बांधली.

बायको कुलपात घालता येत नव्हती, म्हणून फोन घातला. दुसरं काय!

एक दिवस मी मुद्दाम पाण्याला गेले नाही. शेजारणीला घागर दिली आणि पेटीसमोर बसले.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. गाव पळालं. सगळं सामसूम झालं.

आणि पेटीत…

खट्.

रिसीव्हर उचलल्यासारखं.

मग बटणं दाबल्याचा आवाज. एकेक. सावकाश. म्हाताऱ्या बोटांनी दाबावीत तशी.

मी पेटीला कान लावला. आत कुणी बाई टेपवर राशी सांगत होती. धनलाभ, विवाहयोग, परदेशगमन. आणि तिच्या मध्येच…

“पावसाचं सांग की, बाई. पाऊस कवा हाय?”

आवाज सासूबाईंचा होता.

टेपवरची बाई थांबली नाही. सासूबाई पुन्हापुन्हा विचारत राहिल्या. अकरा मिनिटं. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

संध्याकाळी मालकांना सांगितलं. त्यांनी हात उचलला. “मेलेल्या आईवर ढकलती?”

दुसरं बिल थेट चेअरमनच्या हाती पडलं. जून संपत आला होता, टँकर चालूच होता. चेअरमन सुंदरराव आणि पाच संचालक आमच्या घरी बसले. सातवे मालक. मी दाराआड.

“सचिव, किल्ली तुमच्याकडं,” सुंदरराव म्हणाले. “बेलभंडारा उचला आन् शपथेवर सांगा. फोन कुणी केले?”

खरं म्हणजे मालकांनी एवढंच म्हणायचं होतं, मला माहीत नाही. किल्ली माझ्याकडं, बायकोचा दोष नाही. बस, तेवढ्यानं माझं नाव वाचलं असतं.

मालकांनी भंडारा मुठीत घेतला.

“बायकोनं केले. किल्ली चोरून.”

लांबून टँकरचा हॉर्न आला…

खट्.

सगळ्यांच्या माना पेटीकडं वळल्या. कुलूप जागेवर होतं.

“बिभीषणा…” आतून आवाज आला. “तिचं नाव कशापायी घेतो रे?”

मालकांच्या मुठीतला भंडारा सांडला. एक संचालक उठायला गेला आणि परत खाली बसला.

मला वाटलं, सुटले मी. देवा, सुटले.

सुंदररावांनी घसा खाकरला. पेटीकडं पाठ करून बसले.

“लिहून घ्या,” ते म्हणाले. “सचिवाच्या पत्नीकडून वसूल.”

माझ्या गळ्यातल्या सोन्याच्या पुतळ्या विकून पैसे भरले. फोनही सोसायटीनं काढून नेला.

त्या सातांपैकी चौघं अजून आहेत. कुणालाही विचारा, म्हणतात, आमी काई ऐकलं न्हाई. मालक तर विषय काढला की ताटावरून उठतात. बारा वाजले की घराबाहेर पडतात, ऊन असो, पाऊस असो.

मी त्या वेळी घरातच असते. मलाही भीती वाटते, खोटं नाही सांगत. पण या घरात माझ्या बाजूनं बोललेलं माणूस ते एकच. ते काय होतं, मला आजही कळलेलं नाही.