तोंडवलीचा रुमाल

भाईच्या, माझ्या थोरल्या भावाच्या, पहिल्या मुलीचं बारसं झालं ते १९५८ साल. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या दप्तरखान्यात मी तोंडवली गावाचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, ओढायला गेले, तर पलीकडून आणखी एक हात… तो सोडेना, मीही सोडेना.

"आधी मी धरलाय," मी म्हटलं.

"मग दोघंही धरून उभी राहूया."

हा गुरुदास, नवा कारकून. मी कागदपत्रांच्या नकला लिहायची. रोज लागणारी सगळी गावं एकाच कपाटात, स्टूलही एकच, दिवसभर खोळंबा. अव्वल कारकून दत्तारामभाऊंनी रुमाल नव्याने लावायचं काम आम्हा दोघांवर टाकलं.

"जास्त लागणारी गावं दाराजवळ," गुरुदास सांगायचा. "आणि एकाच वेळी लागणारी दोन गावं एका कपाटात नकोत. म्हणजे कुणी कुणाला आडवं येणार नाही."

"कुणीच?"

तो गाठ बांधत राहिला… खिडकीतून खारा वारा आला, माझ्या वेणीतली सुरंगी दरवळली. कचेरीत शुद्ध बोलणारा तो हळूच म्हणाला, "सुगंधा, ह्या वासात माका एका गावाचा नाव सुचणा नाय गो."

"मगे काय सुचता?"

पुन्हा गाठ. आणि घरी आबा, माझे वडील, रविवारी मुंबईच्या स्थळाला होकार कळवणार होते. त्याआधी यानं बोलावं, एवढंच मला हवं होतं.

शुक्रवारी सगळं लावून झालं. कामं झरझर होऊ लागली. फक्त माझा रोजचा तोंडवलीचा रुमाल गेला पार टोकाला — गुरुदासाच्या टेबलाशेजारी.

"सगळ्यात जास्त लागणारा सगळ्यात लांब?" दत्तारामभाऊ म्हणाले. "दाराकडे आणा तो."

गुरुदासाचे कान लाल. शेवटी मीच बोलले, "ऱ्हवांदे थंयच, भाऊ. माका थंयसर चलत जावक बरा वाटता."

दत्तारामभाऊ मिशीत हसले. "गुरुदास, आज सांजेक हिच्या बापाशीक भेट. नायतर रुमाल दाराकडे."

"जातंय," तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "तुका चलात मां गो?"

"इचारूक उशीर केलंस," मी म्हटलं. "चलात."

आबांनी मुंबईला नकार कळवला. वैशाखात आमचं लग्न झालं.

गुरुदास १९६७ सालच्या आश्विनात तापाने वारले.