कॉफीपॉट तळ्यावरचं सरपण

ए ब्रेट, तो दूध-पावडरीचा रिकामा पुडा शेकोटीत टाकलास ना? काढ. काटकीनं काढ. शेकोटी म्हणजे तुमच्या घरचा कचऱ्याचा डबा नव्हे. आणि शॅनन, तू दात काढू नकोस. सकाळी साबणाचं पाणी तळ्यात कुणी ओतलं ते मी पाहिलंय. म्हातारा बहिरा आहे, आंधळा नाही. आणि बहिरासुद्धा फक्त बायको बोलते तेव्हा.

"आजोबा, तुम्ही भुताचं सांगणार होतात. हे तर शाळेतल्यासारखं चाललंय."

शाळेतलं मला कुठून येणार बाबा? सहावीत मास्तरांच्या टेबलाच्या खणात बेडूक ठेवला आणि माझं शिक्षण तिथंच संपलं. त्यामुळं रचून सांगायची अक्कल माझ्याकडं नाही. घडलं तेच सांगतो. ज्याच्या बाबतीत घडलं तो मोर्ली आपल्याच गावचा. पाहुण्यांना होडीतून जंगलात फिरवून आणायचा त्याचा धंदा. तुमच्यातल्या निम्म्यांना वल्हं धरायला त्यानंच शिकवलंय, आणि बाकीच्या निम्म्यांना अजून येत नाही. सरका जरा जवळ. घाबरू नका, थंडी आहे म्हणून म्हटलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबर संपत आला होता. बुधवारी सकाळी मोर्ली धक्क्यावर आला आणि होडी भरायला लागला. तंबू, खाण्याची पिशवी, कुऱ्हाड. आणि सरपण! सीडरचं, खडखडीत वाळलेलं, बोटाएवढं बारीक फोडून ताडपत्रीत बांधलेलं. चांगले चार गठ्ठे.

मी तिथंच कॉफी पीत बसलो होतो. मला राहवतंय होय?

"काय रे मोर्ली, जंगलात लाकडं घेऊन चाललास? पुढच्या खेपेला मासे विकत आण, तळ्यात सोडू."

एरवी या माणसानं मला कॉफीसकट पाण्यात ढकललं असतं. तो "हं" म्हणाला. नुसतं "हं". होडी लोटली आणि गेला.

कुठं चाललाय ते मला ठाऊक होतं. का चाललाय ते मागाहून कळलं. एकदाच सांगितलं त्यानं मला, आणि मी, सगळ्यांची टिंगल करणारा माणूस, त्या दिवशी नुसती त्याच्या कपात कॉफी ओतत राहिलो.

कॉफीपॉट तळ्याच्या मधोमध एक बेट आहे. मुक्कामाला तिथं एकच जागा. चुलीचे दगड मांडलेले, आणि मागं खडकात एक कपार. पाऊस कितीही लागो, आत कोरडं. त्या कपारीत सरपण असतं. भिजून आलात तर खुशाल जाळायचं, आणि निघायच्या आधी तेवढंच फोडून परत भरायचं. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही. पण जो भरत नाही, त्याच्या किटलीतला चहा आमच्याकडं कुणी पीत नाही.

तर आदल्या वर्षी मोर्ली शहरातल्या चार पाहुण्यांना घेऊन त्या बेटावर होता. शेवटच्या रात्री पाहुण्यांना फोटोसाठी मोठा जाळ हवा होता. कपार रिकामी झाली. सकाळी अकराला पाण्यावर उतरणारं विमान न्यायला येणार, तंबू ओले, पाहुण्यांची घाई. मोर्ली मनात म्हणाला, पुढच्या खेपेला भरू.

पुढची खेप त्याची नव्हती. तोइवोची होती.

तोइवोचं घराणं मूळचं फिनलंडचं. सत्तरीचा गडी, एकटाच हिंडायचा. मुक्कामाच्या शिस्तीला असा कडक माणूस मी दुसरा पाहिला नाही. निघताना विझवलेल्या राखेत उघडा हात घालून बघायचा. तुमच्याही राखेत घालून बघायचा, आणि कोमट लागली तर तुमच्या सात पिढ्या उद्धरायचा. ऑक्टोबरच्या वाऱ्यात त्याची होडी उलटली. पोहत बेटावर आला. गळ्यात बांधलेल्या बाटलीत आगकाड्या कोरड्या होत्या. त्यानं कपारीत हात घातला असेल...

तीन दिवसांनी शोधायला गेले त्यांत मोर्ली होता, वाट त्याला माहीत म्हणून. तोइवो चुलीसमोर बसलेला. चुलीत ओल्या डहाळ्या नीट रचलेल्या. भोवती जळक्या काड्या. बाटली रिकामी.

शोधणाऱ्यांतला एकजण म्हणाला, "कपार अशी ठेवून कोण गेलं रे? त्याला इथंच बांधून ठेवला पाहिजे."

मोर्ली म्हणाला, "हो ना. कोण हरामखोर होता कोण जाणे."

स्वतःच्या तोंडानं म्हणाला. आणि त्या दिवसापासून माणूस बधिर झाला. लेकीच्या लग्नात सगळं गाव रडलं, हा खुर्च्या उचलत होता. त्याची बायको गेल मला म्हणायची, "भाऊजी, तापलेला तवा हातानं उचलतो हो. आणि मग बोटांकडं बघत बसतो, कुणा दुसऱ्याची असल्यासारखी."

सप्टेंबरची सत्तावीस. शुक्रवार. त्या बुधवारी निघालेला मोर्ली तिसऱ्या दिवशी अंधार पडता पडता बेटावर उतरला. चारही गठ्ठे सोडले आणि कपार छपरापर्यंत रचून भरली. मागं सरून उभा राहिला. आता काहीतरी वाटेल. छाती हलकी होईल, रडू येईल, निदान शरम तरी वाटेल.

काही नाही.

त्यातली एक काडीसुद्धा जाळायची नाही, असं त्यानं घरूनच ठरवलं होतं. थंड पाव आणि चीज खाल्लं. बर्फाळ पाऊस सुरू झाला. तंबूत शिरला, झोपला.

जाग आली तेव्हा अकरा चाळीस झाले होते.

होडीचा तळ दगडाला घासला. मग वल्हं होडीत ठेवल्याचा आवाज. ठक्.

आता दुसऱ्याच्या मुक्कामावर असं कुणी उतरत नसतं. तुम्हीही लक्षात ठेवा. पाण्यातूनच हाक द्यायची, "येऊ का?" वरचा "ये" म्हणाला की मग पाय टाकायचा. मोर्ली हाकेची वाट बघत पडून राहिला. हाक आली नाही. हाक न देता उतरतो तो एकच माणूस. ज्याचा मुक्काम आधीपासूनच तिथं असतो.

मोर्ली बत्ती घेऊन बाहेर आला. काठाला त्याची एकट्याचीच होडी. उपडी घातलेली.

चुलीपाशी कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं. डोक्याला लोकरी टोपी. टोपीतून पाणी गळत होतं. खांद्यावर बर्फाचे कण पडत होते. वितळत नव्हते.

"तोइवो?"

...

मोर्ली मला म्हणाला, घाबरलो असतो तर बरं झालं असतं रे. घाबरलोही नाही. भिजलेला माणूस मुक्कामाला आला की काय करायचं, ते हातांना पाठ होतं. हातांनी केलं.

कपारीतलं सरपण काढलं. चूल पेटवली.

"चहा ठेवू?"

...

त्यानं हात पुढं केले. जाळावर. मग जाळात.

मोर्लीनं आणखी घातलं. जाळ कमरेएवढा चढला. उजेड पडला. ऊब नाही. मोर्लीनं तोंड जवळ नेलं. भुवया करपल्याचा वास आला. ऊब नाही. आगीतच नव्हती, की त्याच्याच अंगाला लागत नव्हती... त्याला कळेना.

"मी संपवलं होतं, तोइवो. कपारीतलं. मीच."

...

"आणि त्यांनी विचारलं तेव्हा... शिवी दिली मी. दुसऱ्या कुणाला द्यावी तशी."

पाऊस. लाकडाचा चटचटाट.

टोपी हलली? नाही. हात तसेच. जाळात.

मोर्ली घालत राहिला. अर्धी कपार गेली. मग पाऊण. मग बोटं तळाच्या खडकाला लागली.

शेवटची ढलपी.

निखारे.

राख.

अंधारात त्यानं ऐकलं. राखेत कुणीतरी हात घातला. सावकाश. चाचपून. कोपऱ्याकोपऱ्यातनं.

मग पावलं. पाण्याकडं. पाण्यात शिरल्याचा आवाज झाला नाही.

...

"आजोबा... पुढं?"

थांब. सांगतो.

सातला उजाडलं. मोर्ली तिथंच बसलेला. पाऊस थांबला होता. कपारीकडं बघायची त्याची छाती होईना. पण कपार रिकामी टाकून दुसऱ्यांदा जायचं नाही, एवढं एक त्याला कळत होतं. तंबूतून कुऱ्हाड आणली. म्यानात होती, कोरडी. मोडून पडलेलं एखादं झाड शोधायचं, फोडायचं, दिवस गेला तरी चालेल. रिकामी जागा नजरेनं मापावी म्हणून तो खडकापाशी वाकला.

कपार भरलेली होती.

छपरापर्यंत. रात्री जळलं तेवढंच. बोटाएवढं बारीक फोडलेलं, सालीची बाजू वर करून, एकावर एक नीट. सीडर नव्हे. काळं लाकूड, वर्षानुवर्षं तळ्याच्या बुडाशी पडून राहिलेलं असतं तसं. घाव ताजे होते. प्रत्येक ढलपीतून पाणी ठिबकत होतं आणि खडकावरून ओघळून खाली तळ्याकडं चाललं होतं. आणि सगळ्यात वरच्या ढलपीवर एक पाण्यातली गोगलगाय, जिवंत, शिंगं बाहेर काढून, हळूहळू आतल्या अंधाराकडं सरकत होती.